न पाहता केलेली खूण

प्रा. डॉ. प्रमिला येऊल मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी खोलीत दोन माणसं घाबरलेली होती. त्यातला एक मी. माझं घाबरणं समजण्यासारखं होतं. अकोल्याहून अमरावतीला एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीला आलो होतो, अंगात काकांचा शर्ट होता आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं. टेबलाशी एक लंबक टांगलेला होता. त्याचे झोके मोजून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा होता. माझा आकडा अगदी पुस्तकातल्यासारखा आला. मी कागद पुढे केला तेव्हा मॅडमनी विचारलं, "हा बरोबर आहे असं वाटतं तुम्हाला?"

"पुस्तकात असाच आहे, मॅडम."

"मी पुस्तकाचं विचारलं नाही."

मग माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. "दोरीची लांबी खिळ्यापासून मोजली का गाठीपासून, ते आठवून नाही राहिलं, मॅडम. मले भेव वाटून राहिलं."

बोलून गेल्यावर जीभ चावली. मुलाखतीत असं घरचं बोलायचं नसतं एवढं मला कळत होतं. मॅडम उठल्या, पट्टी घेतली आणि दोरी त्यांनी स्वतः तीनदा मोजली. आपल्या हातून या मुलाचं उगीच नुकसान तर होणार नाही ना, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती. लांबी मी चुकीचीच मोजली होती. झोकेही चुकीचे मोजले होते, आणि त्या दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतल्यामुळे उत्तर पुस्तकातलं आलं होतं. मला प्रवेश मिळाला. का मिळाला, ते पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी मुलाखतीला आलेल्यांपैकी "भेव वाटते" असं म्हणणारा मी एकटाच होतो.

आज मॅडम पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी 'मॅडमचं संशोधन' या विषयावर लिहायचं काम समितीने माझ्याकडे दिलं. हा लेख मी भीत भीत लिहितो आहे. विनय म्हणून लोक असं लिहितात, तसं हे नाही. ज्या संशोधनासाठी अमरावतीत मॅडमचा सर्वांत मोठा गाजावाजा झाला, त्यात एक चूक आहे. ती चूक माझी आहे. आणि हा लेख लिहायला बसलो नसतो तर ती कदाचित कोणालाच सापडली नसती. पण सगळं क्रमाने सांगायला हवं.

मॅडम मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. घरचा पानमळा. विड्याच्या पानांची वेल फार नाजूक, आणि तिचा मोठा शत्रू वारा. म्हणून मळ्याला चहूकडून दाट कुंपण, आत शेवरीच्या झाडांच्या आधाराने चढवलेल्या वेली, आणि सगळीकडे थंड सावली. मळ्यात जाताना चप्पल बाहेर काढायची, ही त्यांच्याकडची रीत. उन्हाळ्यात दुपारी गरम वारं सुटलं की घरातलं बोलणं बंद व्हायचं. मॅडम सांगतात, वडील तेव्हा ओट्यावर बसून नुसतं कुंपणाकडे पाहत. वारं पडलं की अनवाणी आत जात आणि एकेका ओळीतली खालची पानं चाचपून बघत. वरची पानं फाटलेली असायचीच, त्याचं त्यांना काही वाटत नसे. वारा किती ओळी आत शिरला, हे त्यांना हवं असे. लहानगी प्रमिला मागे मागे ओळी मोजत जायची. "पाचवीपर्यंत आला, बाबा." आणि वडील सहाव्या ओळीतलं पानही हातात धरून बघायचे, कारण त्यांचा कोणाच्याही मोजण्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्यासुद्धा.

पुढे मॅडमनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला तो हाच आहे, फक्त जागा दूरची आहे. गुरू हा ग्रह म्हणजे वायूचा प्रचंड गोळा. त्याला जमीन नाही. दुर्बिणीतून त्याच्यावर आडवे पट्टे दिसतात, एक फिकट, एक गडद. त्या पट्ट्यांच्या कडेकडेने अतिशय वेगाने वारे वाहतात, एक पूर्वेकडे तर त्याच्या शेजारचा पश्चिमेकडे. ढगांच्या वरच्या थरात हे वारे दिसतात आणि मोजताही येतात. पण खाली? ढगांच्या आत वारा किती खोलवर जातो? तिथे डोळा पोचत नाही.

यावर मार्ग निघाला तो वजनाचा. गुरूच्या जवळून जाणाऱ्या यानाला गुरू ओढतो. त्या ओढीत बारीकसा फरक पडला की यानाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींमध्ये तो फरक उमटतो. वारा खोल असेल तर त्याच्याबरोबर वायूचं खूप वजन हलतं, आणि वजन हललं की ओढ बदलते. गुरूची उत्तरेकडची ओढ दक्षिणेकडच्या ओढीशी तंतोतंत जुळत नाही, आणि ते न जुळणं वाऱ्यांमुळे आहे. त्या न जुळण्यावरून जगातल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की वारे सुमारे तीन हजार किलोमीटर खोल जातात. ही मोजमापं कोणालाही अभ्यासासाठी मिळतात. त्यामुळे निवृत्तीनंतर अमरावतीतल्या घरी एका टेबलावर, एका जुन्या संगणकावर मॅडम हे काम करू शकल्या, आणि अकोल्याच्या महाविद्यालयात शिकवता शिकवता मीही त्यांच्याबरोबर.

मॅडमची कामाची एक रीत आहे, ती त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. प्रत्येक कामाची एक वही असते आणि वहीच्या शेवटी एक यादी. मॅडम तिला 'भेवाची यादी' म्हणतात. काम बाहेर पाठवण्याआधी त्यात ज्याने त्याने आपल्याला कशाची भीती वाटते ते लिहायचं. अमुक आकडा उलटा तर पडला नाही? तमुक तक्ता जुना तर नाही? समोरच्या रकान्यात, ज्याने ती गोष्ट तपासली त्याने खूण करायची आणि सही करायची. नियम एकच: पाहिल्याशिवाय खूण नाही. एकदा एका विद्यार्थिनीने यादी कोरी ठेवून वही दिली. भीती वाटण्यासारखं काही नाही, असं तिचं म्हणणं. मॅडमनी वही परत केली. "तुम्ही अजून नीट पाहिलेलं दिसत नाही," एवढंच म्हणाल्या. ती मुलगी दुसऱ्या दिवशी अकरा भीत्या लिहून घेऊन आली, आणि त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या.

आम्ही आपसात याची थट्टा करत असू. जेवणाच्या डब्याचीही यादी करतील, म्हणत असू. मॅडमना ते माहीत होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. वर्गात त्यांचं मराठी स्वच्छ, पुस्तकी. पण मनातून घाबरल्या की त्या अंजनगावच्या बोलीत शिरतात. आम्हा विद्यार्थ्यांना ही खूणगाठ पक्की होती. मॅडम "हाय" आणि "नाई" म्हणू लागल्या की आम्ही सगळे ताठ बसायचो.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. मे महिना होता. अकोल्याचा मे काय असतो ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. दवाखान्याच्या बाकावर मी आणि बायको बसून होतो, आणि येणारा प्रत्येक जण सांगत होता, काही होत नाही, सगळं चांगलं होईल. ते ऐकून माझ्या जिवाचं पाणी होत होतं, कारण यांना काही माहीत नाही हे मला दिसत होतं. भर दुपारी डोक्याला ओला रुमाल गुंडाळून मॅडम आल्या, अमरावतीहून, एस.टी.ने. माझ्या शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले लय भेव वाटून राहिलं, गजानन."

तीन दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं. मॅडम संध्याकाळपर्यंत तिथेच बसल्या. नर्स ताप मोजून गेली की दर वेळी विचारायच्या, "काखेत मोजला की तोंडात?" चौथ्या वेळी नर्स वैतागली. मॅडमनी तिची माफी मागितली आणि पाचव्या वेळी पुन्हा विचारलं. मुलगी वाचली. आता नागपूरला शिकते, आणि मॅडमना भेटायला येते तेव्हा तिला सगळ्यात आधी हीच गोष्ट ऐकायची असते.

आता त्या संशोधनाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आमचा हिशेब इतरांपेक्षा वेगळा आला. गुरूच्या उत्तर गोलार्धातल्या सर्वांत वेगवान पट्ट्यातला वारा बाकीच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी अधिक खोल जातो, असं त्यातून निघालं. आम्ही महिनाभर तपासलं. भेवाची यादी भरली, खुणा झाल्या, निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. त्यावर मॅडमचं नाव आधी आणि माझं नंतर. बातमी अमरावतीत आली आणि मग काय विचारता. चौकात मॅडमच्या फोटोचा फलक लागला. गावातल्या मंडळींनी शाल दिली, श्रीफळ दिलं. गुरूच्या वाऱ्याचा ठाव घेणाऱ्या अंजनगावच्या लेकीवर भाषणं झाली. मॅडम त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्या मी पाहिल्या. चेहऱ्यावर समाधान होतं. अगदी मोकळं समाधान. मला तेव्हा ते पाहून बरं वाटलं होतं.

गौरवग्रंथाचे संपादक वसंतराव तायडे यांना मुखपृष्ठावर त्याच शोधाचं चित्र हवं होतं. गुरूचा रंगीत फोटो, त्यावर आमच्या निबंधातल्या वाऱ्यांचे बाण, आणि तो खोल जाणारा पट्टा वेगळ्या रंगात. "सामान्य माणसाले समजलं पाहिजे, गजाननराव," असं ते म्हणाले. म्हणून एप्रिलमध्ये एका दुपारी मी महाविद्यालयाच्या संगणक खोलीत बसून फोटोवर बाण ठेवू लागलो. आमच्या निबंधात फोटो नव्हता, नुसते आलेख होते. फोटोवर बाण ठेवायची वेळ कधी आलीच नव्हती.

बाण पट्ट्यांच्या कडेवर बसेनात. वारा सर्वांत वेगवान असतो तो फिकट आणि गडद पट्ट्याच्या सीमेवर. आमचा सर्वांत मोठा बाण मात्र पट्ट्याच्या पोटात जाऊन बसला. मला वाटलं फोटो तिरपा असेल. दुसरा घेतला. तिसरा घेतला. विषुववृत्ताजवळचे बाण नीट बसत होते, आणि तिथून वर जावं तसे घसरत होते. एवढ्यात मला कळून चुकलं की हे काय आहे.

गुरू पूर्ण गोल नाही. दहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे कमरेला फुगलेला आहे. अशा चपट्या गोळ्यावर अक्षांश दोन तऱ्हांनी मोजता येतो. एक ग्रहाच्या केंद्रातून. दुसरा पृष्ठभागावर ओळंबा धरावा तसा, त्या जागेच्या सरळ उभ्या रेषेवरून. पृथ्वीवर या दोहोंत इतका थोडा फरक आहे की कोणाच्या लक्षातही येत नाही. गुरूवर तो मधल्या भागात जवळजवळ चार अंशांचा होतो, आणि तिथला एकेक पट्टाच काही अंशांचा असतो. आम्ही वाऱ्यांचा जो तक्ता घेतला होता त्यातले अक्षांश ओळंब्याचे होते. आमच्या हिशेबाने ते केंद्रातले म्हणून घेतले. म्हणजे वारे आम्ही उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवले होते, आणि मग त्या घराच्या वजनाशी त्यांची गाठ घालत बसलो होतो. तक्त्याच्या माथ्यावर बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलेलं होतं. मी ती ओळ कधी वाचली नव्हती.

मी कपाटातून त्या निबंधाची जुनी वही काढली. भेवाची यादी उघडली. सहावी भीती मॅडमच्या अक्षरात होती: 'वाऱ्याच्या तक्त्यातले अक्षांश कुठून मोजलेले? केंद्रातून की ओळंब्याने?' समोर खूण होती. खुणेखाली माझी सही.

मला तो दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी निबंध पाठवायचा होता, बारा भीत्यांपैकी अकरा मी खरोखर तपासल्या होत्या. ही राहिली होती. एवढं तर आपण सुरुवातीलाच पाहिलेलं असणार, असं मनाशी म्हणालो आणि खूण केली. चूक कोणाचीही होते. पण मॅडमना नेमकी हीच भीती वाटली होती, त्यांनी ती लिहून मला विचारली होती, आणि मी त्यांना खोटं सांगितलं होतं.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मॅडमचा दर रविवारी सकाळी फोन येतो. तो मी उचलला नाही. बायकोला सांगितलं की रेंज नाही. ती समोरच उभी होती आणि तिचा फोन व्यवस्थित चालू होता. शेवटी वसंतरावांना सगळं सांगितलं, कारण मुखपृष्ठ छापायला जाणार होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे पाहा, मॅडमचं डोळ्याचं ऑपरेशन आत्ता झालं. बीपी हाय. कार्यक्रम तोंडावर आला. पुस्तक निघू द्या, मंग पाहू. आपल्याकडे कोणाले समजते गुरूच्या अक्षांशाचं?"

वसंतराव वाईट माणूस नव्हेत. मॅडमवर त्यांचा माझ्याइतकाच जीव आहे. आणि खरं सांगतो, त्यांचं ऐकावं असं मला फार फार वाटलं. पंचाहत्तराव्या वर्षी, सगळं गाव टाळ्या वाजवत असताना, ज्यांनी माझ्या मुलीसाठी दवाखान्याच्या बाकावर बसून दिवस काढला त्या बाईंच्या हातातून ही एक गोष्ट काढून घ्यायची, ती मी? हे ऐकून त्यांना काही झालं तर? आणि मी सांगण्याआधीच त्या गेल्या, तर? या दुसऱ्या विचाराने मला अधिक भीती वाटली. सोमवारी सकाळची अमरावतीची एस.टी. धरली. मूर्तिजापूरला उतरून परत फिरावं असं दोनदा मनात आलं.

दार मॅडमच्या धाकट्या बहिणीने, नलूताईंनी उघडलं. माझं तोंड पाहून त्या दारातच थांबल्या. "काई वाईट बातमी असन तर तिले सांगू नका, भाऊ. डॉक्टरनं बजावलं हाय."

"सांगा लागते, ताई," मी म्हणालो.

मॅडम आतल्या खोलीत काळा चष्मा लावून बसल्या होत्या. अंजनगावहून भावाने पानांची करंडी पाठवली होती आणि त्या ओल्या फडक्यावर पानं मांडून देठ खुडत होत्या. स्वतः त्या पान खात नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला लावून देतात. "रविवारी फोन लागला नाही तुमचा," म्हणाल्या.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाणांचं, पट्ट्यांचं, तक्त्याच्या माथ्यावरच्या ओळीचं. खुणेचं मात्र जिभेवर येईना. त्यांची बोटं कधीच थांबली होती. अर्धवट खुडलेलं एक पान हातात तसंच राहिलं.

"मंग तो पट्टा खोल नाई?" त्यांनी विचारलं. त्या बोलीत शिरल्या होत्या.

"नाही, मॅडम. अक्षांश दुरुस्त करून हिशेब एकदा चालवून पाहिला. बाकीच्या पट्ट्यांसारखाच दिसतो."

"लोकं काय म्हणतीन?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून तीस वर्षांत ऐकला नव्हता. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "अंजनगावले बातमी गेली होती. भावानं ती चौकटीत लावून ठेवली हाय." चेहरा एकदम म्हातारा दिसू लागला. नलूताई दाराशी उभ्या होत्या, त्या पुढे आल्या. मॅडमनी हातानेच त्यांना थांबवलं. "वही आणली का?"

मी वही दिली. त्यांनी चष्मा काढला, यादी डोळ्यांशी नेली आणि एकेक ओळ बोटाने चाचपत खाली आल्या. सहाव्या भीतीवर बोट थांबलं.

"ही खूण कोणी केली?"

"मी."

"पाहून केली?"

"नाही."

मला वाटत होतं त्या रागावतील. खरं तर मला तेच हवं होतं. मॅडमनी बोट त्या ओळीवरच ठेवलं. मग म्हणाल्या, "तू तं पाह्यलं नाई. पण मी इचारलं होतं ना. मंग तुही खूण पाहून मी चूप कशी बसली? तक्ता माह्या टेबलावर होता. हात लांबवला असता तं दिसलं असतं." वही मांडीवर ठेवली. "मले थे उत्तर आवडलं होतं, गजानन. त्या दिवशी मले भेवच नाई वाटलं."

मी खाली मान घालून बसलो. व्यासपीठावरचं त्यांचं ते मोकळं समाधान मला आठवलं. माझ्या लक्षात आलं की मॅडमना बिनधास्त असं मी तेवढं एकदाच पाहिलं होतं.

नंतरचं सगळं त्यांनी पटापट केलं. नियतकालिकाला चूक कळवणारं पत्र त्याच दुपारी गेलं, माझ्या हातून, पण मजकूर त्यांनी सांगितला. खुणेची गोष्ट त्यात दोघांच्या नावावर घातली. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, "निबंधावर नावं दोन होती." वसंतरावांना फोन करून मुखपृष्ठ बदलायला सांगितलं. त्यांनी पलीकडून पुष्कळ समजावलं असावं, कारण मॅडम बराच वेळ नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग आमच्या मळ्याचा फोटो टाका." आज तुमच्या हातातल्या ग्रंथावर हिरव्या वेलींच्या ओळी दिसतात त्या त्यामुळे. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुहा लेख हाय ना त्यात? हे सारं त्यात लिहजो."

"गौरवलेखात कसं लिहू, मॅडम?"

"मंग कशात लिहितं?"

म्हणून लिहिलं. येऊल मॅडमनी किती विद्यार्थी घडवले, किती निबंध लिहिले, ते या ग्रंथात इतरांनी माझ्याहून चांगलं सांगितलं आहे. मला त्यांचा गौरव करायचा आहे तो या एका गोष्टीसाठी, की पंचाहत्तराव्या वर्षी, डोळे धड नसताना, लोक काय म्हणतील याची खरी भीती वाटत असताना त्यांनी ती वही मागून घेतली. मी त्या दिवशी परत येताना एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. भीती गेली नव्हती. आजही गेलेली नाही.

आम्ही सगळा हिशेब पहिल्यापासून पुन्हा मांडायला घेतला आहे. यानाच्या नव्या फेऱ्यांची मोजमापंही त्यात घ्यायची आहेत, तेव्हा वर्ष-दोन वर्षं सहज लागतील. नवी वही केली. निघण्याआधी मॅडमनी तिच्या शेवटच्या पानावर यादी सुरू केली. पहिली भीती अर्थात अक्षांशांची. अशा एकेक करत आठ झाल्या. मग पेन क्षणभर थांबलं, आणि त्यांनी नववी लिहिली: 'हे सगळं पुन्हा होईपर्यंत मी असेन का?'

मी म्हणालो, "मॅडम, हे यादीत कशाला?"

"भेव हाय तं लिहा लागते," त्या म्हणाल्या, आणि वही माझ्या हातात दिली. "याच्यासमोरची खूण तूच करजो. पाहून करजो."

आठांपैकी तीन खुणा झाल्या आहेत. तिन्ही मी पाहून केल्या. आज मॅडमना सगळे जण निरोगी दीर्घायुष्य चिंतणार, मीही चिंततो, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. हिशेब पुरा होईल त्या दिवशी ती वही घेऊन मला अमरावतीला जायचं आहे. आतल्या खोलीत मॅडम समोर बसलेल्या असाव्यात, ओल्या फडक्यावर पानं मांडून देठ खुडत असाव्यात, आणि त्यांच्याकडे नीट पाहून मला नवव्या ओळीपुढे खूण करता यावी.